खुर्ची माझी, माना तिच्या

हॅलो? … हॅलो, कोण? … चिमे, तू होय. मग जरा मोठ्यानं बोल ना, कुजबुजतेस काय… आतून बोलतेयस? अगं, आधी हॉलच्या बाहेर ये. लोक मागे वळून बघतील. … आलीस? … जिन्याशी नको, तिथून सगळे येतात-जातात. दुसऱ्या दाराशी जा, पाण्याचा कूलर आहे ना, त्याच्या बाजूला… हां. आता सांग. सुरू झाला माहितीपट? … केव्हाचा? मग आत्ता फोन करतेस? मी इथे फोन मांडीवर घेऊन बसलेय बाई.

पाय? पायाला काय झालंय… अगं हो, मुरगळलाय. पण तो लोकांसाठी मुरगळलाय. तू काय मला विचारतेस, तुला माहितीय ना. … बरं, विचारलं का कुणी? … कुणीच नाही? … नीट आठव. दारात, खुर्च्यांवर बसताना, 'तुझी मोठी बहीण दिसत नाही ती' असं एकानं तरी… फुलवाला? … अच्छा. गुच्छ कुठे ठेवायचे ते विचारायला मला शोधत होता. झालं. तेवढ्यापुरती मी.

नाही, मला कशाला वाईट वाटेल. मी आपली सहज विचारतेय.

ती कुठे बसलीय? … 'ती' म्हणजे कोण काय चिमे, रेडिओ. माझी गोड आवाजाची धाकटी जाऊ. … पुढच्या रांगेत, मधोमध. भावजींच्या शेजारी. बरोबर आहे, माहितीपट नवऱ्याचा, मग बायको मधोमधच बसणार. आणि आमचे हे? … तिच्या पलीकडे? पुढच्या रांगेत? मला म्हणाले मागे कुठेतरी टेकतो आणि लवकर उठून येतो तुझ्याजवळ. … टाळ्या वाजवतायत? … उभं राहून? येऊ देत घरी.

काय घातलंय तिनं? … निळं? आकाशी की गडद? … अगं सांग ना, मग तुला पाठवलंय कशाला. … आणि केस? … मोकळे. हं. … नाही, कुजकं कुठे बोलतेय, 'हं' म्हणाले नुसतं. … छान दिसतेय? … 'खूप छान' म्हणायची काही गरज नव्हती. 'छान' पुरे होतं.

फुंकरआजोबा आलेत का? … अगं, काच कारखान्यातले, फुंकून बाटल्या करायचे ते. गाल बघ त्यांचे, अजून सैल आहेत. … आलेत ना. कुठे बसवलंय? … पंख्याखाली? कुणी बसवलं पंख्याखाली? त्यांना लगेच खोकला होतो. दवाखान्यात सगळ्यांना माहितीय, त्यांचा केसपेपर मीच काढते दर वेळी. … मग जा ना, सांग कुणाला तरी, दोन खुर्च्या सरकवायला काय… आता नको? बरं. पण मध्ये उठले तर दुसरीकडे बसव. … बोलले का काही तुझ्याशी? … कुणाशीच बोलत नाहीयेत. तसेच आहेत ते. माझ्याशी तेवढे बोलतात.

आता सांग, पडद्यावर काय काय आलं. पहिल्यापासून सांग. … कारखान्याचं धुराडं. हां. ते लांबून, पाण्याच्या टाकीवरून घेतलंय ना? टाकीवर मी चढले होते भावजींबरोबर, छत्री धरायला. … आणि त्यावर तिचा आवाज. … काय म्हणते? … 'या वस्तीत रात्र कधी पूर्ण काळी नसायची, कारण भट्टी विझत नसे.' … असं म्हणते? … चिमे, हे वाक्य माझं आहे. … अगं माझं म्हणजे माझं. सासूबाई सांगायच्या ते मी भावजींना सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, भाजी चिरताना. त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं. आणि आता ही आपली मोकळे केस सोडून… गोड म्हटलं? … अंगावर काटा आला? तुझ्या? … तू माझी बहीण आहेस की तिची?

हो, मला माहितीय तुला सगळं माहितीय, तरी ऐक. सहा-सात वर्षं राबलेय मी यात. भावजींचं लग्न व्हायच्याही आधीपासून. एकेक म्हातारं माणूस चाललं होतं, आणि मी दवाखान्याच्या खिडकीत बसून बघत होते. मीच म्हणाले, भावजी, तुमचा तो कॅमेरा लग्नांमध्ये फिरवताय तो जरा या लोकांकडे वळवा, उद्या भट्टीचं नाव सांगायला कुणी उरणार नाही. मग कोण बोलायला तयार होतं? एकही नाही. भावजी कॅमेरा घेऊन गेले की म्हातारे आत जाऊन झोपायचे. मी पुढे गेले की दार उघडायचं. कुणाची साखर, कुणाचा गुडघा, कुणाची सून, सगळं मला ठाऊक. मी बसायचे, विचारायचे, ते बोलायचे. मग तिकडून ही आली, लग्न होऊन एक वर्षही झालं नाही, आणि आयत्या बिळावर… हो, म्हणणारच मी. आयत्या बिळावर नागोबा. आवाज गोड असलेला नागोबा.

थांब, दार लावते. समोरची ऐकते सगळं.

… हं, बोल. ती दिसते का पडद्यावर? नुसता आवाज की तोंड पण? … दिसते. कधी? … लोक बोलतात तेव्हा मधून मधून तिचं तोंड. काय करते? … मान हलवते. … म्हणजे कशी? … ते बोलतात, मग तिला दाखवतात, ती मान हलवते, मग परत त्यांना दाखवतात. … म्हणजे जणू तिनंच विचारलं. … चिमे, मला माहीत होतं. मला माहीत होतं पण मला वाटलं इतकं नाही करणार. अगं, त्या माना नंतर शूट केल्यात. घरी. त्यांच्या बाहेरच्या खोलीत. पडदा लावून, खुर्ची टाकून, समोर कुणी नाही आणि ही बसून माना डोलावतेय. मी स्वतः दारातून बघितलं, डबा द्यायला गेले होते. मला म्हणाली, 'बसा ना, थोडंच राहिलंय.' थोडंच राहिलंय म्हणे. माणसं माझी, गप्पा माझ्या, खुर्ची माझी, आणि माना तिच्या.

… हो, म्हणाले होते मी. म्हणाले होते, माझं तोंड नको कॅमेऱ्यात. प्रत्येक वेळी म्हणाले. मला नाही आवडत. … म्हणून काय झालं? माझं नको म्हणजे कुणाचंच नको. माझं नको याचा अर्थ तिचं घाला असा होतो का?

काय? … हसतायत? कोण हसतंय? … पब्लिक? मागचे? … कशाला? … काय, नीट सांग. … दोघं एकीकडेच बघतायत? … म्हणजे आजी बोलते ती उजवीकडे बघून, आणि रेडिओ मान हलवते तीही उजवीकडे बघून? … अगं बाई. … थांब, मला हसू दे. … अगं, चुकलंच ते. समोरासमोर बसलेली माणसं पडद्यावर एकमेकांकडे तोंड करून हवीत ना. एक इकडे, एक तिकडे. माझी खुर्ची कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला असायची, म्हणून म्हातारे सगळे उजवीकडे बघतात. मग हिला डावीकडे बघायला लावायचं. भावजी विसरले. लग्नाच्या कॅमेऱ्याची सवय, तिथे सगळे स्टेजकडेच बघतात. … म्हणजे कसं दिसतंय ते, बसथांब्यावर उभ्या असलेल्या दोन बाया बस आली का बघतात तसं? … तस्संच? … सगळ्यांशीच? प्रत्येक म्हाताऱ्याच्या वेळी? … अरेरे. … नाही गं, वाईट वाटलं मला. खरंच वाटलं. … अजून हसतायत का?

… नाही हसत आता. बरं. सवय झाली असेल.

ऐक ना, शेवटी नावं येतात, पाट्या. त्या नीट वाच. माझं नाव कुठे येतं ते बघ. कशाखाली येतं ते पण बघ. 'विशेष आभार'मध्ये असेल तर मला सांगूच नकोस. तिथे हॉलच्या वॉचमनचं पण नाव असतं. … आत जातेस? नको, अजून वेळ आहे. अगं, मला माहितीय ना क्रम, म्हातारे सगळे झाले की मग कारखाना बंद होतो तो भाग, मग नावं. थांब अजून. … केक आणलाय? बाहेर ठेवलाय का? … टेबलावर, जाळीखाली. कसला? … बाटलीच्या आकाराचा. हिरवा. … आणि वर काय लिहिलंय? जाऊन बघ. … काहीच नाही? नुसती बाटली? … मग ठीक आहे. नाहीतर मला वाटलं तिचं नाव.

चिडू नकोस चिमे. मी काय मुद्दाम करतेय का. मला झोप लागत नाही. … अगं, हेवाच आहे. दुसरं काय नाव द्यायचं त्याला. मी स्वतःला सांगून बघितलं की तत्त्वाचा प्रश्न आहे, मानाचा प्रश्न आहे. मग तिनं यांना वाढदिवसाला पेन दिलं, तर त्या पेनाचासुद्धा मला राग आला. पेनाचं कसलं तत्त्व.

… भांडण आमचं कशावरून झालं? तुला सांगितलंच नाही का मी? … भावजींशी. रेडिओशी कधी भांडले मी, तिच्याशी भांडायला ती भांडू तर देते का. … फुंकरआजोबांच्या वेळी. त्यांचं सगळं झालं होतं, फुंकणी कशी धरायची, काच मधासारखी कशी ओघळते, सगळं छान सांगितलं. मग भावजींनी मला खूण केली, भट्टी विझवली तो दिवस विचारा. मी विचारलं. आणि आजोबा गप्प. नुसते बघत बसले माझ्याकडे. आता नियम काय, की विचारणाऱ्यानं तोंडातून आवाज काढायचा नाही. नुसती मान. माणूस गप्प झाला की गप्पच राहायचं, कॅमेरा चालू ठेवायचा, मग तो आपोआप बोलतो किंवा रडतो. भावजींनी मला शंभरदा बजावलं होतं, वहिनी, तुमचं ते 'हं, मग?' बंद करा, प्रत्येक 'हं' मला नंतर कापावा लागतो. … मला नाही जमलं. माणूस समोर बसून ओठ चावतोय आणि आपण त्याच्याकडे नुसतं टक लावून बघायचं? दवाखान्यात असं बघत बसले तर पेशंट मरेल. मी बोलले काहीतरी. … असंच. आता आठवत नाही. … आणि भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, 'वहिनी, वाया घालवलंत. सगळा माहितीपट याच्यासाठी होता आणि तुम्ही वाया घालवलात.' आजोबांसमोर. दिवे धरणाऱ्यांसमोर. … मी उठले आणि चालू पडले. नंतर ते एकदा जिन्यात म्हणाले, 'पुढच्या आठवड्यात या', मी म्हटलं बघते. मग परत नाही बोलावलं. मग माना सुरू झाल्या.

म्हणून नाही आले मी. आता कळलं?

… अगं, नाही रडत. नाक चोंदलंय.

जरा दार उघड ना. थोडंसं. मला आवाज ऐकू दे. फोन पुढे धर. … हं. … हं, येतोय. … … काय गं, इतका मोठा ठेवतात का आवाज. … 'फुंकरीनं आकार घेणारी माणसं'… हे कुणाचं वाक्य? हे माझं नाही. हे तिचंच असणार, फुंकर काय, आकार काय. … … गोड आहे. आहे गोड, नाही कशाला म्हणू. म्हणूनच ऐकवत नाही. … बंद कर. चिमे, बंद कर ते दार. … नीट लाव. अजून येतोय. … हां.

आता बोल, स्टेज कसं सजवलंय? … साधंच? … कुणाची कल्पना? … बरं, आणि तिच्या आईवडिलांना बोलावलंय का? … दोघांना? … दुसऱ्या रांगेत. यांच्या मागे. म्हणजे यांना मान वळवून गप्पा मारता येतील. … कुणाला सांगतेयस 'सोड'? मी सोडलं असतं तर तुला फोन कशाला…

ते काय? … नाही, मला ऐकू आलं. हसले का सगळे? … आता टाळ्या. … चिमे, टाळ्या वाजतायत, इतक्या कशाच्या? दार लावलंय तरी ऐकू येतायत. … तुला काय माहीत म्हणजे? जा बघ. … फोन ठेवू नकोस, हातात ठेव, चालू ठेव. जा.

…

हॅलो? … आलीस? काय होतं? … पाट्या चालल्यात? संपलं? … मग टाळ्या कशाच्या होत्या? … तुझ्या शेजारच्यांना विचार ना. … सगळे उभे आहेत. बरं. आणि नाव? माझं नाव? … वर गेलं? दिसलंच नाही? चिमे, एक काम सांगितलं होतं. … अगं, मीच थांबवलं मान्य आहे, पण तुला कळत नाही का, मी सांगत असले तरी… … कोण आलं? … कूलरपाशी? … ती? आपल्याकडे येतेय? मग हळू बोल. पाठ कर तिच्याकडे. … काय विचारतेय? … कुणाचा फोन ते. सांग मैत्रिणीचा. … सांगितलंस? माझा म्हणून? … नको, देऊ नकोस, चिमे, मी आंघोळीला गेलेय म्हण, चि…

हॅलो. … हो. … हो, मीच. अगं, अभिनंदन. … मनापासून, खरंच. … पाय ना, आहे जरा. सूज आहे. … उजवा. … डावा सांगितला होता यांनी? मग डावा. … हो, चिमी सांगत होती, फार छान झालंय म्हणे. तुझा आवाज, काटाच आला तिच्या अंगावर. … नाही, मी काही ऐकलं नाही. टाळ्या तेवढ्या ऐकल्या. … कुणाला? … म्हणजे? … हळू बोल, एकेक सांग. श्वास घे आधी.

आजोबांचा तो भाग? … हो, माहितीय ना, ते गप्प झाले आणि मी मध्ये बोलले. वाया गेला तो. … ठेवलाय? … तसाच? … माझ्या आवाजासकट? … अगं, कसं शक्य आहे, भावजींनी तर… … नाही म्हणाले होते ना. मग? … तू भांडलीस. … किती दिवस? … आणि माझ्यासाठी भांडलीस? … 'नाही, माहितीपटासाठी.' … बरं झालं खरं बोललीस. माझ्यासाठी म्हणाली असतीस तर मी फोन ठेवला असता.

मग तिथे तुझी मान कुठे आहे? … नाहीच. … नुसते आजोबा आणि माझा आवाज. … काय म्हणाले होते मी? अगं, खरंच आठवत नाही, रागात निघून गेले ना मी. … … हं. … 'आजोबा, नाही सांगितलंत तरी चालेल मला.' … हो. हो, असंच म्हणाले. … आणि मग ते म्हणतात, 'मग कुणाला सांगू, तुला नाही तर?' … हे त्यांनी म्हटलं? … मी तेव्हा उठत होते बहुतेक. भावजी ओरडले ना लगेच. मला ऐकूच आलं नाही ते. … आणि नंतर सांगितलं त्यांनी सगळं? खुर्ची रिकामी झाल्यावर? … माझ्या खुर्चीकडे बघून. … … आहे, ऐकतेय.

म्हणजे तेही तुझ्याच कृपेनं म्हणायचं. … नाही गं, टोमणा नाही. … टोमणाच आहे. पण आता काय करू, तोंडाला सवय लागलीय. … काय? … तुला? … माझ्यावर? … परत सांग, इथे खालून गाडी गेली. … तुला माझा राग यायचा. … दिवसदिवस त्या खोलीत बसून माझाच आवाज ऐकायचा. … हो. … आणि सगळे म्हातारे माझ्याकडे बघून हसतात, आणि तुझ्याकडे… अगं, तू नव्हतीस तिथे, तुझ्याकडे कसे बघतील. … आणि भावजी जेवताना सारखे 'वहिनी असत्या तर'? … म्हणतात असं? … रोज? … नाही, गाडी नाही गेली, मला परत ऐकायचं होतं म्हणून विचारतेय.

… तू पण काही कमी नाहीस म्हणजे.

बरं, मग ते सगळे हसले कशाला? टाळ्यांच्या आधी. … पडद्यावर नाही, हॉलमध्ये? कुणी? … आजोबा उठले? पंख्याखालून? … माझा आवाज ऐकून? … अंधारात उभे राहून मोठ्यानं… काय म्हणाले, नक्की शब्द सांग, तुझे गोड शब्द नकोत, त्यांचे सांग. … 'कुठाय ती?' … सगळ्यांसमोर? … 'आवाज इथे आहे, मग ती कुठाय?' … …

… आहे गं. आहे मी.

इतका वेळ चिमीला हेच विचारतेय मी, कुणी विचारलं का माझ्याबद्दल. आणि तेव्हाच दार लावायला लावलं तिला. अख्ख्या हॉलनं ऐकलं, तुझ्या आईवडिलांनी ऐकलं, यांनी ऐकलं. फुलवाल्यानंसुद्धा ऐकलं असेल. आम्ही दोघी बहिणी कूलरपाशी केकवर काय लिहिलंय बघत होतो. … दाखवशील गं, लॅपटॉपवर दाखवशील, मी बघेन. पण ते आजोबा परत उठणार आहेत का अंधारात.

मग काय सांगितलंत त्यांना? … पाय मुरगळला म्हणून. यांनी सांगितलं. … आणि ते? … काय? … 'मग मीच जातो तिच्याकडे.' … म्हणजे? निघाले? … काठी घेऊन? आत्ता? … अगं, थांबवा त्यांना. तिसरा मजला आहे आमचा, जिना चढून येणार ते? बाटल्या फुंकून फुंकून छातीचं खोकं झालंय त्यांच्या, दवाखान्याच्या दोन पायऱ्यांवर तीनदा थांबतात. … ऐकत नाहीत? हे काय करतायत मग? … त्यांचा हात धरून बरोबर निघालेत. शाबास. … गेटपर्यंत पोचले? … धाव ना, उभी काय राहिलीस. … तुझं ऐकत नाहीत. हो, तुझं कसं ऐकतील. … नाही, हे टोमणा म्हणून नाही म्हटलं.

ऐक. त्यांना सांग, येऊ नका. मी येतेय. … पाय? पाय धड आहे. … हो, दोन्ही. … खोटं सांगितलं होतं. … कशाला म्हणजे, तुला नाही कळत? आत्ता तर तूही तेच सांगितलंस मला. … तसं सांग त्यांना, जसंच्या तसं. पाय धड आहे, जावेवर जळत होती म्हणून आली नाही. … सगळ्यांसमोर सांगावं लागलं तर सगळ्यांसमोर. … नको, थांब. तू नको सांगूस. तू काहीतरी छान करून सांगशील, आणि त्याच्या पण टाळ्या घेशील. चिमीला दे फोन.

… चिमे? … ऐकलंस ना? … रडतेस काय, पळ. त्यांना खुर्चीत बसव, पाणी दे, घोट घोट. आणि सांग जसं मी म्हटलं तसं. … हो, 'जळत होती' हाच शब्द. … त्यांना कळेल. … अगं, येतेय ना, तू बोलत राहिलीस तर चपला कधी घालू. ठेव.